सरकणारी रेषा

कॅनडाच्या उत्तरेला, नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशात, बेचोको हे त्लिचो आदिवासींचं गाव आहे. तिथल्या दुकानात दारातून आत गेलं की उजव्या हाताला सूचनांचा फळा आहे. बिंगोची वेळ, विकायला काढलेली स्नोमोबाइल, हरवलेल्या कुत्र्याचा फोटो, दंतवैद्य गावात कधी येणार त्याची चिठ्ठी आणि या सगळ्यांच्या मधोमध टाचणीनं लावलेला एक नकाशा. फेब्रुवारी संपत आला होता, बाहेर उणे पस्तीस, आणि आत ओल्या बुटांचा, पेट्रोलचा आणि तळलेल्या बटाट्यांचा एकत्र वास. मी दुधाचा कॅन हातात घेऊन रांगेत उभी होते. माझ्या पुढचे एक आजोबा रांग सोडून फळ्यापाशी गेले. उजव्या हाताचा मिटन त्यांनी दातांत धरून काढला आणि नकाशावर बोट ठेवलं. बोट खालच्या मोठ्या सरोवरापासून निघालं आणि एकेका तळ्यावर क्षणभर टेकत वर आणि उजवीकडे सरकत गेलं. एका लांबट तळ्यावर ते थांबलं. ते तळं लाल रेघांनी भरलेल्या पट्ट्याच्या आत होतं. त्यांनी नातवाला काहीतरी विचारलं. नातवानं फोन काढून पाहिलं आणि इंग्रजीत सांगितलं, मागच्या आठवड्यात बाहेर होतं. आजोबांनी मान हलवली, मिटन चढवला, पिठाची पिशवी नि चहाचा डबा उचलला आणि दोघं बाहेर पडले. ना चिडचिड, ना एक शब्द.

ते बोट माझ्या डोक्यातून जात नाही.

तो पट्टा काय आहे ते सांगते. या भागातल्या कॅरिबूंचा, म्हणजे इथल्या जंगली रेनडिअरांचा, बॅथर्स्ट नावाचा एक मोठा कळप आहे. निदान एके काळी तो मोठा होता. त्यातल्या काही माद्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे आहेत. हिवाळ्यात त्या माद्या जिथे असतील त्यांच्याभोवती एक सीमा आखली जाते आणि त्या सीमेच्या आत कॅरिबूची शिकार पूर्ण बंद. मासे पकडा, मूस मारा, सापळे लावा, फक्त कॅरिबू नाही. माद्या चालत राहतात, म्हणून सीमाही चालत राहते. दर आठवड्याला नवा नकाशा निघतो. २०१५ च्या हिवाळ्यापासून हे असं चालू आहे. कल्पना म्हणून ती मला आवडते हे कबूल करायला हवं. जंगलाभोवती कायमचं कुंपण घालण्यापेक्षा जनावराबरोबर चालणारी सीमा जास्त समजूतदार आहे. सीमेबाहेर पूर्वेकडच्या दुसऱ्या, अजून धडधाकट असलेल्या कळपातलं जनावर मिळू शकतं. तरीही ज्या माणसाला ती तळी पाठ आहेत, त्यालाच आपल्या तळ्यावर या आठवड्यात काय चालेल हे दुकानातल्या कागदावर शोधावं लागतं, हे मला सलतं. कागद चुकीचा आहे म्हणून नाही. कागद बरोबर आहे, आणि तरी सलतं.

या प्रदेशाच्या राजधानीत, येलोनाइफला, आम्ही राहायला आलो तेव्हा कॅरिबू हा शब्द मला हॉटेलांच्या पाट्यांवरून आणि नाण्यांवरून माहीत होता. कॅनडाच्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर त्याचंच डोकं आहे. प्रत्यक्षात मी तो पहिल्यांदा ऐकला. हिवाळी रस्त्यावर, म्हणजे गोठलेल्या तळ्यांवरून जाणाऱ्या बर्फाच्या रस्त्यावर, आमच्या ओळखीच्या एकानं गाडी बंद केली आणि खिडकी खाली करायला सांगितली. वारा अजिबात नव्हता. पंधरा-वीस जनावरं बाजूनं चालली होती आणि त्यांच्या पावलांतून टिक टिक असा बारीक आवाज येत होता. पायातली शीर हाडावरून सरकते तेव्हा तो आवाज होतो. एवढं मोठं जनावर, नाकपुड्यांतून वाफ, माद्यांनाही शिंगं, आणि चालताना असा नाजूक आवाज. ते पूर्वेकडच्या कळपातले होते. बॅथर्स्टचे मी कधीच पाहिलेले नाहीत.

१९८६ साली बॅथर्स्ट कळपात अंदाजे ४ लाख ७० हजार जनावरं होती. २००९ च्या मोजणीत आकडा ३२ हजारांवर आला. २०१८ साली ८,२००. २०२१ साली सव्वासहा हजारांच्या आसपास. जून महिन्यात माद्या विण्यासाठी पार उत्तरेला, शेजारच्या नुनावुत प्रदेशातल्या बॅथर्स्ट खाडीजवळच्या उघड्या माळावर जमतात, तेव्हा विमानातून पट्ट्यापट्ट्यानं फोटो घेतले जातात. मग कुणीतरी पडद्यासमोर बसून त्या फोटोंतला एकेक ठिपका मोजतं आणि विणाऱ्या माद्यांच्या संख्येवरून अख्ख्या कळपाचा अंदाज बांधला जातो. थोडाफार फरक धरला तरी शंभरातले अठ्ठ्याण्णव गेले. हे वाचून मी पहिल्यांदा कारण शोधायला गेले, आणि एक कारण सापडलं नाही. कॅरिबूंचे कळप काही दशकांच्या फेऱ्यात वाढतात आणि घटतात, हे जुनी माणसंही सांगतात आणि शास्त्रज्ञही. त्यात उन्हाळे तापले, माश्या-डासांचे दिवस लांबले, वणवे वाढले आणि हिवाळ्यात खायचं दगडफूल जळून गेलं. लांडगे आहेत. बंदुका आहेत. आणि कळपाच्या ऐन वाटेवर, लाक द ग्रा सरोवराकाठी, १९९८ मध्ये एकाटी आणि २००३ मध्ये डायविक या हिऱ्यांच्या खाणी सुरू झाल्या. कुठल्या कारणाचा वाटा किती, यावर अजून एकमत नाही. पण उपाय करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांत आधी बंद करता येण्यासारखी एकच गोष्ट होती. बंदूक.

१ जानेवारी २०१० ला ती बंद झाली. येलोनाइफच्या उत्तर-पूर्वेच्या मोठ्या टापूत कॅरिबूची शिकार प्रदेश सरकारनं तातडीच्या आदेशानं थांबवली. आकडा भयानक होता, घाई समजण्यासारखी होती. पण याच कामासाठी एक मंडळ आधीच अस्तित्वात होतं आणि त्याची सुनावणी व्हायची होती. त्लिचो लोकांनी कॅनडाशी आणि प्रदेश सरकारशी केलेला करार ऑगस्ट २००५ मध्ये अमलात आला. त्यातून ३९ हजार चौरस किलोमीटर जमीन त्लिचोंच्या मालकीची झाली, त्यांचं स्वतःचं सरकार आलं आणि वन्यजीवांबाबत एकत्र निर्णय घेण्यासाठी वेकेझी नैसर्गिक संसाधन मंडळ आलं. निम्मे सदस्य त्लिचो सरकारनं नेमलेले, निम्मे बाकीच्या दोन सरकारांनी. म्हणजे पहिला मोठा पेच आला तेव्हा टेबल मांडून झालं होतं, खुर्च्या लावून झाल्या होत्या, आणि निर्णय मात्र शेजारच्या खोलीत आधीच झाला. इथली जुनी माणसं आजही त्या जानेवारीबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

त्यांच्या रागाचं मूळ आणखी मागे आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात फोर्ट रे इथे, म्हणजे आजच्या बेचोकोत, कॅनडा सरकारचा माणूस अकरावा करार घेऊन आला तेव्हा त्लिचोंचे प्रमुख मॉन्फ्वी यांनी सही करण्याआधी आपल्या मुलखाची हद्द सांगितली आणि अट घातली, की सूर्य उगवतो आहे, नदी वाहते आहे आणि जमीन जागची हलत नाही, तोवर आमच्या जगण्याच्या रीतीवर बंधन येणार नाही. हे वाक्य इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. शिकारीवर बंधन म्हणजे काय, हे त्या वाक्याच्या उजेडात पाहिलं तर २०१० चा आदेश नुसता वन्यजीव खात्याचा आदेश राहत नाही.

मार्च २०१० मध्ये सुनावणी सुरू झाली आणि ती मध्येच थांबवावी लागली. मला या सगळ्या कहाणीतली ही जागा फार महत्त्वाची वाटते. ती थांबली कारण त्लिचो सरकार आणि प्रदेश सरकार यांनी ठरवलं, की आपण वेगवेगळे कागद घेऊन मंडळापुढे भांडण्यापेक्षा एक प्रस्ताव मिळून लिहू. महिन्यांचं काम होतं. ऑगस्टमध्ये सुनावणी पुन्हा बसली आणि ऑक्टोबरमध्ये मंडळाचा अहवाल आला. वर्षाला ३०० जनावरं, तीही बहुतेक नर, आणि ती आदिवासी समाजांनी आपापसांत वाटून घ्यायची. कुणीच खूश नव्हतं. पण ३०० हा आकडा कुणी कुणावर फेकलेला नव्हता.

अशा सुनावण्यांना मी नंतर बसले आहे. कुणीही जाऊन बसू शकतं. हॉलमध्ये मोठ्या थर्मासांतून कॉफी, बाजूला बॅनकची, म्हणजे जाड तळलेल्या रोटीची ताटं, सुरुवातीला ढोलावर प्रार्थना. प्रत्येक खुर्चीवर दुभाष्याचा हेडफोन. जीवशास्त्रज्ञ पडद्यावर आलेख दाखवतो, रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते. मग माइक एखाद्या आजींकडे जातो आणि त्या सुरुवात करतात ती त्यांच्या आईपासून. कुठल्या वर्षी कुठल्या तळ्यावर तंबू होता, कॅरिबू पाणी पोहून कुठे चढायचे, कुणी त्यांच्यातल्या एकाला काठीनं मारलं आणि मग किती वर्षं ते त्या बाजूला फिरकले नाहीत. कॅरिबूला काठीनं मारू नये, त्याच्याबद्दल वेडंवाकडं बोलू नये, हाडं इकडेतिकडे टाकू नयेत. त्याचा मान ठेवला नाही तर तो निघून जातो. गळ्यात पट्टा अडकवणं हे अनेकांना त्याच मान न ठेवण्यात मोडतं. सुरुवातीला मला घड्याळाकडे बघावंसं वाटायचं. आजी कधी मुद्द्यावर येणार? नंतर हळूहळू लक्षात यायला लागलं, की पोहून चढायच्या त्या जागा, ती वर्षं, ती काठी, हाच मुद्दा आहे. आलेखात १९८६ च्या आधी काही नाही. आजींच्या बोलण्यात त्यांच्या आजीचा दुष्काळ आहे.

माझे वडील वनखात्यात होते. माझं लहानपण गडचिरोली जिल्ह्यात, सरकारी क्वार्टरात गेलं. मागच्या अंगणात जप्तीची लाकडं रचलेली असायची आणि त्यांच्या बुंध्यांवर हातोडीनं मारलेला शिक्का बोटांना लागायचा. त्या काळात संयुक्त वन व्यवस्थापन हा शब्द नवा होता. एका गावातली तशी बैठक मला आठवते, कारण वडील मला जीपमधून बरोबर घेऊन गेले होते. मोहाच्या झाडाखाली सतरंजी, स्टीलच्या पेल्यांत चहा आणि वहीत आधीच लिहून आणलेला ठराव. गावकऱ्यांनी अंगठे दिले, टाळ्या झाल्या, आम्ही परत आलो. वडील प्रामाणिक माणूस होते आणि त्यांना वाटायचं आपण गावाला सोबत घेतलं. मलाही तसंच वाटलं होतं. त्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं गोंडांचं गाव होतं, जिथे लोक अभ्यासगट करून बसत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घेत नसत आणि म्हणत, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. तरी स्वतःच्या जंगलातला बांबू बाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना हातात पडायला २०११ उजाडलं, आणि तो द्यायला केंद्रीय मंत्र्यांना गावात यावं लागलं. हक्क कागदावर येणं आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात येणं, यांतलं अंतर मी त्या गावामुळे शिकले. इथल्या उत्तरेकडच्या मंडळांचे अहवाल वाचताना मी नकळत तेच शोधत असते. पुस्तक कुणाच्या हातात आहे?

वेकेझी मंडळाच्या बाबतीत उत्तर थोडं बरं आहे. किती जनावरं मारायची याची कमाल मर्यादा ठरवण्यात मंडळाचा शब्द शेवटचा असतो. पण अधिवास, रस्ते, खाणी, लांडगे यांबद्दल ते शिफारस करतं, आणि शिफारस स्वीकारायची, बदलायची की नाकारायची हे सरकारं ठरवतात. म्हणजे शिकाऱ्याच्या बाबतीत मंडळ निर्णय देतं, बाकी सगळ्याच्या बाबतीत सल्ला. हा फरक वाचायला किरकोळ वाटतो. त्या फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर तो किरकोळ नाही.

या विषयावर बोलताना इथे कुणी ना कुणी अलास्काच्या देवमाशांची गोष्ट काढतंच, आणि ती काढण्यासारखीच आहे. १९७७ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं इनुपियाट लोकांची, म्हणजे उत्तर अलास्कातल्या मूळ रहिवाशांची, बोहेड देवमाशाची शिकार थेट शून्यावर आणली, कारण शास्त्रज्ञांच्या मते ते फार थोडे उरले होते. बर्फाच्या कडेला बसून, मोकळ्या पाण्यातून जाणारे मासे मोजून तो अंदाज आला होता. इनुपियाट कप्तानांचं म्हणणं होतं, की तुम्ही फक्त दिसणारे मोजता. बोहेड बर्फाखालूनही जातो, डोक्यानं बर्फ वर ढकलून फोडतो आणि श्वास घेतो, आणि कित्येक तर किनाऱ्यापासून इतके लांबून जातात की कडेवरून दिसायचे नाहीत. अलास्कातल्या बॅरो गावचे हॅरी ब्राउअर हे ज्येष्ठ शिकारी एका पशुवैद्य-संशोधकाला हे वर्षानुवर्षं समजावत राहिले. बंदी आली त्याच सुमारास इनुपियाट गावांनी स्वतःचा व्हेलिंग आयोग स्थापला, १९८१ मध्ये अमेरिकी सरकारशी सहकार्याचा करार केला आणि मोजणीत स्वतः उतरले. पाण्यात मायक्रोफोन सोडले गेले. बर्फाखालून, जिथे मासा असू शकत नाही असं मानलं होतं तिथून, त्यांचे आवाज आले. आकडा वाढत गेला. २०११ च्या मोजणीत तो सोळा हजारांच्या वर होता, आणि इनुपियाट आजही ठरलेल्या मर्यादेत शिकार करतात.

ही गोष्ट ऐकून छाती भरून येते. म्हणूनच तिच्यापाशी थांबायला मला भीती वाटते.

कारण बॅथर्स्टमध्ये तसं झालं नाही. २०१० मध्ये हॉलमधल्या अनेकांनी सांगितलं, की कॅरिबू मेले नाहीत, दुसरीकडे गेले आहेत. ते पूर्वीही गेले होते आणि परत आले होते. यात तथ्य नव्हतं असं नाही, जनावरं एका कळपातून दुसऱ्यात मिसळतात हे गळ्यातल्या पट्ट्यांनीच दाखवलं आहे. पण पुढच्या वर्षांत आकडा एकूण खालीच गेला, आणि शेजारचा ब्लूनोज-ईस्ट कळपही घसरला. विमानातला माणूस यावेळी मूळ गोष्टीत बरोबर होता. लोकांनी ते मानलं कधी? दुसरा आलेख पाहून नाही. त्यांच्यातलेच शिकारी हिवाळ्यामागून हिवाळे रिकाम्या स्लेड घेऊन परतले तेव्हा. २०१६ मध्ये मंडळानं बॅथर्स्टची मर्यादा शून्य ठरवली, आणि तो प्रस्ताव प्रदेश सरकारचा एकट्याचा नव्हता. त्लिचो सरकारची त्याखाली सही होती. ज्यांच्या आजोबांनी बंधन येणार नाही म्हणून वचन घेतलं होतं, त्यांनी स्वतःवर शून्य लावून घेतलं. मला या एका निर्णयाबद्दल इतका आदर वाटतो की तो बोलून दाखवताना शब्द कमी पडतात. मुंबईत बसून वन्यजीव वाचवा म्हणणं आणि हिवाळ्याचं मांस, मुलांचे मोकासिन, लग्नाकार्याचं जेवण आणि पोराला शिकवायची सगळी विद्या बाजूला ठेवणं, यांना एकाच नावानं हाक मारता येत नाही.

तेव्हाच त्लिचोंनी आणखी एक काम सुरू केलं, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथून सुरू होते. कॉन्टवॉयटो सरोवराला ते कोकेती म्हणतात. येलोनाइफहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं तिथे जावं लागतं. झाडं संपतात, मग फक्त दगड, पाणी आणि गुडघ्याएवढी खुरटी झुडपं. २०१६ पासून दर उन्हाळ्यात तिथे तंबू पडतात. ज्येष्ठ शिकारी, तरुण पोरं आणि एखाददुसरा संशोधक. काम एकच, कॅरिबू बघायचे. शिकाऱ्यासारखे बघायचे, पण मारायचे नाहीत. त्यांचं ब्रीद आहे, आम्ही सगळं बघतो.

तिथे जाऊन आलेला एक तरुण आमच्या ओळखीचा आहे. तो सांगतो, पहिले काही दिवस त्याला काहीच दिसायचं नाही. ज्येष्ठ माणूस टेकडीवर पाठ दगडाला टेकून बसायचा आणि दुर्बीण न लावता म्हणायचा, त्या उतारावर बघ. तासाभरानं तिथून आठ जनावरं यायची. कुठून कळलं? वाऱ्याची दिशा, डासांचा जोर, खालच्या ओल्या जागेतलं गवत किती खाल्लं गेलं आहे, पाण्याच्या कोणत्या चिंचोळ्या जागी खुरांचे ताजे ठसे आहेत. डास फार असले की कॅरिबू चरत नाहीत, पळत राहतात, वाऱ्याच्या कड्यावर किंवा उरलेल्या बर्फावर उभे राहतात. अशा दिवशी मादीचं दूध कमी होतं. पाठीवर, शेपटीजवळ चरबी आहे का, ते चालीवरून कळतं. पिल्लू आईच्या किती मागे आहे. एखादी लंगडते का. अस्वलाची विष्ठा कशानं भरली आहे. हे सगळं वहीत उतरतं, जागेसकट, फोटोसकट. कोकेतीच्या काठाला ल्युपिन नावाची बंद पडलेली सोन्याची खाण आहे आणि जवळच जेरिको ही हिऱ्यांची, तीही बंद. कळप या जागांना वळसा घालतो, की तिथल्या सपाट खडीवर डास चुकवायला उभा राहतो, हेही ते बघतात. विमानातून काढलेल्या फोटोत जनावर ठिपका असतं. इथे ते लंगडतं, दमतं, पिल्लासाठी थांबतं. दोन्ही लागतं. पण त्या तरुणाच्या बोलण्यात मला आणखी एक गोष्ट जाणवली. आकडा त्याला आता परक्याचा वाटत नाही. सव्वासहा हजार म्हटल्यावर त्याला तो उतार दिसतो.

म्हणून वाटतं, निर्णयाच्या टेबलावर निम्म्या खुर्च्या देणं पुरेसं नाही. बघण्याचं कामही वाटून घ्यायला हवं, आणि त्याला पैसा, विमान, वेळ द्यायला हवा. ज्यानं स्वतः पाहिलं आहे तो शून्य सहन करू शकतो. ज्याला फक्त नकाशा मिळतो, त्याचं बोट नकाशावर थांबतं आणि तो घरी जातो.

एक शंका मात्र मिटत नाही. २०१६ मध्ये जन्मलेली मुलं आता शाळेत जातात. त्यांनी बॅथर्स्टचं मांस चाखलेलं नाही. सुकं मांस मिळतं, पण ते पूर्वेकडच्या कळपातलं, हिवाळी रस्त्यानं शेकडो किलोमीटर जाऊन आणलेलं, आणि ज्याच्याकडे चांगली गाडी नि पेट्रोलचे पैसे आहेत त्यानंच आणलेलं. मला ते एका घरी मिळालं होतं. पातळ, काळपट, धुराचा वास, वर लोणी. दातांखाली आधी चामड्यासारखं आणि मग अचानक गोडसर. यजमानीणबाईंनी सगळ्यांत मोठा तुकडा आधी चुलीतल्या विस्तवाला दिला, मग आम्हाला. मुलांना ताटात छोटेछोटे आले आणि त्यांनी ते हावरेपणानं नाही, जपून खाल्ले. चामडं कमावणं, पाठीची शीर सोलून दोरा काढणं, शव तळ्याकाठी उघडणं, हे बघून शिकायचं असतं, सांगून नाही. कळप परत यायला तीस वर्षं लागली तर तो परत येईल तेव्हा हे करणारे हात असतील का? कोकेतीच्या तंबूत याचं अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं तिथे नाही.

आणि आता रस्ता येऊ घातला आहे. येलोनाइफच्या पूर्वेकडून उत्तरेला, खाणींच्या पट्ट्यातून, वर्षभर चालणारा रस्ता. पलीकडे नुनावुतमध्ये ग्रेज बे इथे होऊ घातलेल्या बंदरापर्यंत दुसरा. आज जिथे फक्त हिवाळ्यात बर्फावरून ट्रक जातात तिथे बारा महिने खडीचा रस्ता, बॅथर्स्ट कळपाच्या हिवाळी मुलखातून थेट विण्याच्या माळांच्या दिशेनं. बाजूनं बोलणारेही उगाच बोलत नाहीत. डायविक बंद होण्याच्या वाटेवर आहे, नोकऱ्या जाणार आहेत, आणि त्या नोकऱ्यांत त्लिचो पोरंही आहेत. पण शिकाऱ्यासाठी सीमा दर आठवड्याला सरकते, मादी जिथे जाईल तिथे तिच्यामागे जाते. रस्त्यासाठी अशी सरकणारी सीमा कुणी सुचवलेली मी ऐकलेली नाही. माद्या जवळ आल्या की ट्रक किती दिवस थांबणार, ते कोण ठरवणार, आणि ते ठरवताना कोकेतीच्या वह्या टेबलावर असणार की परिशिष्टात? सुनावणी लागली की मी जाऊन बसणार आहे. लोकांना प्रश्न विचारायला वेळ देतात, आणि मला एवढाच विचारायचा आहे.